उलट पळणारी ओळ

दादाच्या चष्म्याच्या दुकानात कौतुक करायची पद्धत नव्हती. मागच्या खोलीत काच घासून झाली की ती पुढे दादाकडे जायची. दादा ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उभ्या गजासमोर न्यायचा आणि झटक्यात जराशी हलवायचा, डावीकडे, उजवीकडे. नापास झाली तर न बोलता परत. पास झाली तर न बोलता खाकी पाकिटात. पाकिटाच्या तळाशी ‘तपासले’ असा शिक्का असायचा, त्याच्यापुढे दादा स्वतःची सही ठोकायचा आणि पुढच्या काचेला हात घालायचा. छान, बरं, ठीक, असला एकही शब्द त्या दुकानात काचेच्या वाट्याला आला नाही, आणि काच घासणारीच्या तर नाहीच नाही.

काच घासणारी म्हणजे त्याची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी ती ‘सुट्टीत जरा हातभार’ म्हणून मागच्या खोलीत शिरली, ती सुट्टी अजून संपायची आहे. तिची पहिली काच दादानं अकरा वेळा परत पाठवली. बाराव्या वेळी ती पाकिटात गेली तेव्हा ही रडकुंडीला आलेली, आणि दादा सही करून म्हणाला काय, तर ‘चहा टाक.’ तिनं टाकला. साखर मुद्दाम विसरली. दादानं तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप खाली ठेवला, पण चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी दोघांनाही कळलं की समोरचं माणूस आपल्याइतकंच हट्टी आहे, आणि तिथून दोघांचं छत्तीस वर्षं उत्तम जमलं.

गजासमोरचा तो झटका हीच त्या दुकानातली खरी विद्या. जवळचं वाचायच्या चष्म्याची, म्हणजे प्लसची काच हलवली की तिच्यातून दिसणारा गज उलट पळतो. काच उजवीकडे, गज डावीकडे. लांबचं बघायच्या मायनसच्या काचेतून तो काचेच्या सोबत जातो. प्लसला नेमका तेवढाच मायनस जोडून धरला की गज जागचा हलत नाही, आणि नंबर बरोबर आहे हे कळतं. पुढे यंत्रं आली, आकडे दाखवायला लागली. दादा यंत्राचा आकडा वाचायचा, मान डोलवायचा आणि तरीही काच गजासमोर नेऊन हलवायचाच.

‘‘थांबलेल्या काचेत खोट दिसत नाही,’’ तो म्हणायचा. ‘‘जरा हलव तिला, मग बघ कशी बोलायला लागते.’’

अशा माणसाचेच डोळे जावेत, याला काय म्हणावं? पाच वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. आंधळा नाही झाला तो. कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथे करडा डाग. माणसाकडे बघितलं तर कान दिसतात, चेहरा नाही. ‘‘बरंच आहे, काही चेहरे न दिसलेलेच बरे,’’ असं तो वहिनीकडे मान वळवून म्हणायचा, आणि वहिनी त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात भांडं आपटायची.

विनोद संपायचा तो जिन्यावर. घर वर, दुकान खाली, मध्ये सतरा पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी खालून चौथ्या पायरीची कड त्याला दिसली नाही, पाय हवेत पडला आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण दादा पुन्हा एकटा जिना उतरला नाही. वहिनीचा हात धरून दुकानात उतरायला तो तयार नव्हता. ‘‘माझ्याच दुकानात मला कुणी हाताला धरून आणायचं?’’ एवढं एकदा म्हणाला आणि वरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसला. रोज सकाळी खाली बहिणीनं शटर उघडलं की वरून खाकरायचा. ती खालून खाकरायची. दुकानाशी त्याचा संबंध उरला तो एवढाच.

दुकानातही फारसं काही उरलं नव्हतं म्हणा. काचा आता मोठ्या कारखान्यातून तयार येत होत्या, घासायचं काम संपलं होतं. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे, बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात उघडलेल्या कंपनीला काचा बसवणारं माणूस हवंय असं कळलं, तेव्हा बहीण गेली. दिवसभर तिथे काम, संध्याकाळी दुकान.

ती कंपनी एक जाडजूड चष्मा बनवत होती. दादासारख्या, नजर अधू झालेल्या माणसांसाठी. चष्म्याच्या कपाळावर दोन छोटे कॅमेरे, आणि काचेत असं काहीतरी की समोरच्या खऱ्या जगावर चित्र उमटावं. पायरीची कड, दाराची चौकट, फुटपाथची धार, यांच्यावर तो चष्मा पिवळीधमक ओळ ओढायचा. ती ओळ काचेवर आहे असं वाटायचं नाही, पायरीवरच रंगवली आहे असं वाटायचं. निदान वाटायला हवं होतं. कंपनीतल्या चाळीसेक माणसांपैकी निम्म्यांना स्वतःलाच चष्मे होते, त्यांच्या नंबरच्या काचा त्या जाडजूड चष्म्यात आतून बसवणं हे हिचं काम. टेबल मिळालं छपाई यंत्राच्या शेजारी, जिथे कागद अडकला की सगळे तिलाच हाक मारत. दुसऱ्याच आठवड्यात तिचं नाव काचताई पडलं आणि मूळ नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

दादाचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई कंपनीलाही सल्ला द्यायच्या. त्यांनी चष्मा वापरून बघायला पहिला माणूस म्हणून दादाचं नाव सुचवलं, तेव्हा काचताईचा आनंद गगनात मावेना. दुकानाचा जिना टाळून, मागच्या जिन्यानं वहिनीच्या हाताला धरून दादाला उतरवलं आणि रिक्षानं आणलं. हॉलमध्ये आठ पायऱ्यांचा लाकडी जिना उभा केला होता, दोन्ही बाजूंना कठडे, खाली गाद्या. दादानं चष्मा चढवला, वरच्या पायरीवर उभा राहिला, खाली मान घातली. एक पायरी उतरला. दुसरीवर थांबला. कठडा घट्ट धरला.

‘‘ओळ पळते,’’ तो म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चित्र काढायचा प्रोग्राम ज्यानं लिहिला होता तो दाढीवाला इंजिनीअर पुढे धावला. माणूस सरळ, हुशार, पण आपल्या लेकराला शेजारच्यांनी नाव ठेवल्यावर आईचं व्हावं तसं तोंड झालं होतं त्याचं.

‘‘काका, कुठे पळते? मला दाखवा.’’

‘‘आता नाही पळत. मी बघायला थांबलो की तीही थांबते.’’

गोम नेमकी तिथेच होती. दाढीवाल्यानं स्वतः चष्मा घालून बघितलं, ओळ कडेवर चिकटलेली. फोटो काढले, सगळे फोटो स्वच्छ. मग चष्मा होयबावर चढवला. होयबा म्हणजे मोटर लावलेला एक स्टँड. चष्मा डोक्यावर घेऊन तो मान सावकाश, एकाच वेगानं, डावीउजवीकडे फिरवायचा आणि शेजारचा संगणक चूक मोजायचा. खरं तर दिवसभर तो नाही-नाही करत असायचा, पण आकडा नेहमी ‘ठीक’ असाच यायचा म्हणून त्याचं नाव होयबा. त्या दिवशीही होयबा म्हणाला, ठीक.

‘‘काका जिन्यावर एकदा पडलेत ना,’’ दाढीवाला हळूच म्हणाला, ‘‘भीती बसली असेल.’’

काचताईनं ते ऐकलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला. ‘‘भीती बसली असेलही,’’ ती म्हणाली, ‘‘पण पळतंय की नाही हे माझ्या भावाला कळतं. त्यानं आयुष्यभर तेवढंच बघितलंय.’’

डॉक्टरीणबाईंनीही तिचीच बाजू घेतली. दादाच्या डोळ्याची जी कड शाबूत होती तिला आकार नीट ओळखू येत नाही, पण काही जराही हललं तर ते तिच्यातून सुटत नाही. धडधाकट डोळ्यांचा माणूस सरळ पायरीकडे बघतो आणि ओळीकडे कानाडोळा करतो. दादाला पायरी दिसतच नव्हती. त्याच्या वाट्याला फक्त ओळ होती.

इंजिनीअर मंडळींनी मग आपापसात ठरवून टाकलं की ओळ उशिरा पोचत असणार. त्यांच्या धंद्यात चित्राचं दुखणं म्हणजे बहुतेक वेळा उशीरच. माणूस मान वळवतो, कॅमेरा ते टिपतो, संगणक नवं चित्र काढतो, आणि एवढ्यात मान आणखी पुढे गेलेली असते. म्हणून प्रोग्राम आधीच अंदाज बांधतो, की आत्ता मान अमुक वेगानं चालली आहे तर क्षणभरानं ती तमुक जागी असेल, तर चित्र तिथलंच काढून ठेवू. हा अंदाज दाढीवाल्याचा मोठा अभिमानाचा विषय होता. ओळ उशिरा येते तर अंदाज वाढवा, असं ठरलं. वाढवला. दादाला पुन्हा बोलावलं. दादा दुसऱ्या पायरीवरून म्हणाला, ‘‘आता जास्त पळते.’’ पुन्हा वाढवला. तिसऱ्या खेपेला दादा पहिल्या पायरीवरूनच मागे फिरला, चष्मा काढून काचताईच्या हातात दिला, न बोलता. नापास काच परत दिली होती त्यानं, आणि तिथे ते फक्त तिला कळलं.

कंपनीच्या मोठ्या मॅडम तशा वाईट नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं, ‘‘ओळीवर भरवसा ठेवून एखादा माणूस जिन्यावरून पडला तर मला झोप लागणार नाही. येत्या सोमवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर पायऱ्यांची ओळ काढून टाकू. चष्मा फक्त अक्षरं मोठी करून दाखवेल. तेही काही कमी नाही.’’

घरी येऊन काचताईनं हे सांगितलं. दादा खिडकीत बसला होता.

‘‘मोठी अक्षरं,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे वर बसून पेपर वाचायचा.’’ मग म्हणाला, ‘‘मला पेपर नको गं. मला एकदा आपणहून खाली यायचंय. एवढंच.’’

दादानं असं कधी काही मागितलं नव्हतं. काचताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि वहिनीच्या हातातलं लाटणं-पोळपाट काढून घेऊन स्वतःच लाटायला लागली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. काचताई तीन महिने त्या चष्म्यात काचा बसवत होती, पण चित्र चालू असताना तो तिनं स्वतःच्या डोळ्यांवर कधी चढवला नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं चढवला. समोर हॉलच्या दाराची चौकट होती, तिच्या उभ्या कडेवर पिवळी ओळ. तिनं बघितलं. ओळ जागेवर. सावकाश मान फिरवली, होयबासारखी. ओळ जागेवर.

मग तिला स्वतःचंच हसू आलं. छत्तीस वर्षं काय केलं आपण? काच कधी अशी सावकाश फिरवली होती का? इथे काच हातात धरून हलवायची सोय नव्हती, ती कपाळाला बांधलेली. तर मग मानच हलवायची. तिनं चौकटीला खिडकीचा गज समजून मान झटक्यात उजवीकडे नेली आणि तिथेच गच्चकन थांबवली.

ओळ डावीकडे पळाली. बोटभर जाऊन परत आली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावीकडे झटका दिला तर ओळ उजवीकडे. तिनं चष्मा तसाच डोक्यावर ठेवून जेवणाच्या खोलीचं दार उघडलं आणि दाढीवाल्याला डब्यावरून उठवलं.

‘‘अरे, तुझी ओळ उशिरा येतच नाही. ती आधी पळते.’’

‘‘ताई, असं कसं? चूक म्हणजे उशीरच असणार. आधी कशी...’’

‘‘उशिरा आली असती तर माझ्या मानेच्या सोबत गेली असती. ही उलट जाते. सोबत आणि उलट यातला फरक मला नको शिकवूस, बाबा. तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी तेवढंच बघत आलेय.’’

तो घास हातात धरून बघत राहिला. काचताईनं छपाई यंत्राशेजारच्या खणातून रंगीत चिकटपट्ट्या काढल्या. चौकटीच्या कडेच्या डावीकडे लाल लावली, उजवीकडे निळी. चष्मा त्याच्या नाकावर बसवला.

‘‘मान उजवीकडे ने. झटक्यात. आणि गच्चकन थांब. मग सांग, ओळ कुठल्या रंगावर सांडली? उशीर झाला असेल तर निळ्यावर जाईल.’’

त्यानं झटका दिला. पुन्हा दिला. दाढीतून आवाज आला तो अगदी बारीक.

‘‘लाल.’’

‘‘पुन्हा बघ.’’

‘‘लालच आहे, ताई.’’ मग तो मटकन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. ‘‘मान थांबते. अंदाजाला ते ठाऊकच नसतं. तो आपला पुढे जातो आणि चूक कळल्यावर परत येतो. आणि होयबा मध्येच कधी थांबतच नाही, एका वेगानं चालतो, म्हणून त्याला ते दिसलंच नाही.’’ त्यानं डोकं धरलं. ‘‘आणि आम्ही अंदाज वाढवत बसलो!’’

‘‘प्लसवर प्लस चढवत बसलात,’’ काचताई म्हणाली.

गलका ऐकून मोठ्या मॅडम आल्या. त्यांनाही चष्मा घालून लाल-निळ्याची परीक्षा द्यावी लागली. काचताईनं त्यांना सोप्यात सोपं करून सांगितलं. बाजारात आपल्याबरोबर चालणारा एखादा माणूस नेहमी अर्धं पाऊल पुढे असतो. आपण चालत असतो तोवर तो बरोबरच आहे असं वाटतं. आपण एखाद्या दुकानाशी थांबलो की हा आपला दोन पावलं पुढे जातो, वळून बघतो आणि ओशाळून परत येतो. तुमची ओळ तशी आहे.

‘‘आणि खाली बघताना?’’ मॅडमनी विचारलं.

काचताईनं चष्मा पुन्हा चढवला, जिन्याच्या वर उभी राहिली आणि मान झटक्यात खाली घातली. ओळ पायरीची कड सोडून पुढे, हवेत जाऊन पडली, आणि परत आली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. पण तेवढ्यात पाय टाकलेला असतो. जिथे ओळ तिथे पायरी, असं समजून दादानं पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. दाढीवाला काचताईकडे बघून म्हणाला, ‘‘मी काकांना घाबरट ठरवत होतो. ते मला वाचवत होते.’’

‘‘त्यालाच सांग ते,’’ काचताई म्हणाली. ‘‘आता ऊठ. नंबर उतरव.’’

मग तो गुरुवार आणि शुक्रवार त्या हॉलमध्ये जे काम झालं, ते चष्म्याच्या दुकानातलं होतं, कंपनीतलं नव्हे. दाढीवाला संगणकापाशी, काचताई चौकटीसमोर. तो अंदाज थोडासा उतरवायचा. ती झटका द्यायची आणि बोलायची.

‘‘उलट.’’

तो आणखी उतरवायचा.

‘‘उलट, पण कमी. पाव नंबर अजून.’’

‘‘ताई, पाव नंबर म्हणजे इथे किती?’’

‘‘मला काय विचारतोस? तुझं यंत्र. जरासं.’’

शेवटी एकदा ती म्हणाली, ‘‘सोबत.’’ म्हणजे आता ओळ खरोखरीच उशिरा यायला लागली होती. इथे दाढीवाल्यानंही आपली हुशारी दाखवली, ती नाकारून चालणार नाही. त्यानं अंदाज सगळीकडे सारखा ठेवलाच नाही. मान चालती आहे तोवर अंदाज पूर्ण, आणि मान मंदावायला लागल्याची पहिली चाहूल लागली की अंदाज आवरता घ्यायचा, असं त्यानं लिहून काढलं. दोन दिवसांत काचताईनं मानेला इतके झटके दिले की शुक्रवारी तिला शेक घ्यावा लागला. होयबालाही गच्चकन थांबायला शिकवलं, आणि पहिल्यांदाच त्यानं जुन्या प्रोग्रामला ‘नाही’ असा आकडा दिला. हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी चार वाजता तिनं मान उजवीकडे नेली, थांबवली, डावीकडे नेली, थांबवली, खाली घातली, थांबवली. ओळ चौकटीला आणि पायरीला खिळ्यानं ठोकल्यासारखी.

‘‘थांबली,’’ ती म्हणाली. इतक्या वर्षांत मागच्या खोलीत घासलेल्या हजारो काचांपैकी एकीच्याही वेळी तिला असं वाटलं नव्हतं. आपल्याला काहीतरी येतं, जे या एवढ्या शिकलेल्या माणसांना येत नव्हतं, आणि ते आपल्याला दादानं दिलंय. ऊर भरून यावा असाच तो अभिमान होता, आणि तिनं तो लपवला नाही. समोर जो होता त्यालाच तिनं मिठी मारली, तो दाढीवाला निघाला.

शनिवारी दादानं लाकडी जिना दहादा उतरून बघितला आणि एवढंच म्हणाला, ‘‘हा जिना माझा नाही.’’ म्हणून रविवारी सकाळी सगळे दुकानात जमले. मोठ्या मॅडम, डॉक्टरीणबाई, दाढीवाला. जिन्याच्या वर वहिनी, पदराचं टोक मुठीत धरून. काचताई तळाशी. तिला वर यायचं होतं, पण दादानं बजावलं होतं, ‘‘कुणी हात पुढे केला तर मी परत वर जाईन.’’

दादा वरच्या पायरीवर आला. चष्मा घातलेला, एक हात भिंतीला नुसता टेकवलेला. मान खाली घातली. उतरला. दुसरी. तिसरी. त्याच्या चपलांच्या आवाजाखेरीज दुकानात काही ऐकू येत नव्हतं. नववी, दहावी. खालून चौथ्या पायरीशी तो थांबला.

तीच पायरी होती. दाढीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

दादानं मान झटक्यात खाली घातली आणि गच्चकन थांबवली. पुन्हा वर घेतली. पुन्हा खाली, गच्चकन. काचताईला एकदम कळलं तो काय करतोय ते. तो घाबरला नव्हता. तो तपासत होता.

मग त्यानं चौथ्या पायरीवरून पाय उचलला आणि नेमका पुढच्या पायरीवर ठेवला. उरलेल्या पायऱ्या तो नेहमीच्या चालीनं उतरला, दुकान उघडायला रोज उतरायचा तसा. वर वहिनी मोठ्यानं रडायला लागली. दादानं तिकडे लक्ष दिलं नाही. तो कुणाचा हात न धरता गल्ल्यापाशी आला, खिडकीसमोर उभा राहिला आणि जुन्या गजासमोर मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. खूप वेळ. दाढीवाला पुढे होऊन काहीतरी विचारणार होता, काचताईनं त्याला हातानं अडवलं.

दादानं चष्मा काढला.

‘‘पाकीट दे,’’ तो म्हणाला.

काचताईनं खणातलं सगळ्यात मोठं खाकी पाकीट काढून दिलं. तो जाडजूड चष्मा त्यात मावणार कसला, दांड्या बाहेर राहिल्या. दादानं तो तसाच आत कोंबला, पाकीट गल्ल्यावर सरळ ठेवलं, बोटानं चाचपत खिशातलं पेन काढलं आणि त्याचं टोपण उघडलं. मग पेन तिच्यापुढे धरलं.

‘‘सही तू कर.’’

‘‘दादा, सही तुझी असते.’’

‘‘तपासलं कुणी?’’

काचताईला पाकिटावरचा शिक्का दिसेना, डोळ्यांत पाणी होतं. तिनं अंदाजानंच सही केली, ती शिक्क्याच्या बरीच पुढे जाऊन पडली. दाढीवाला तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, ‘‘ताई, अंदाज जास्त झाला,’’ आणि सगळे हसले, रडणारी वहिनीसुद्धा.

काचताई सवयीनं मागच्या खोलीकडे वळली, आलेल्या माणसांना काही द्यायला हवं म्हणून. दादानं तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. ‘‘बस तू. चहा मी टाकतो.’’

दोन वर्षांत तो त्या खोलीत पाऊल टाकायला आला नव्हता, पण कुठे काय ठेवलंय हे त्याच्या हातांना पाठ होतं. आतून भांड्याचा, डब्याच्या झाकणाचा, कपबशांचा आवाज येत राहिला. मग तो ट्रे धरून, पावलं मोजत बाहेर आला, आणि पहिला कप त्यानं तिच्या हातात दिला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, तो तिच्या कानाकडे. तिनं घोट घेतला. बाकीच्यांचा चहा चांगला गोड होता, असं नंतर कळलं. तिच्या कपात साखरेचा एक दाणा नव्हता. काचताईनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप खाली ठेवला, आणि चकार शब्द काढला नाही.